प्रोग्राम उघडतच नाही? ‘फॉर्मॅट मारा’ म्हणण्याआधी हे वाचा

डबल क्लिक केलं, निळं वर्तुळ क्षणभर फिरलं आणि पुन्हा सामसूम. असं का होतं, बिघाड कुठे शोधायचा आणि दुकानात जाण्याआधी घरीच काय पाहायचं?

बडनेरा : रविवारी संध्याकाळी भाची लॅपटॉप घेऊन आली ती दारातूनच म्हणाली, “मामा, हे उघडूनच नाही राह्यलं.” ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मंगळवारी प्रोजेक्टचं सादरीकरण होतं. ज्या प्रोग्राममध्ये थ्री-डी मॉडेल बनवलं, त्याच्या चित्रावर ती डबल क्लिक करायची, वर्तुळ फिरायचं आणि संपलं. ना खिडकी, ना संदेश. मी बातम्या लिहिणारा माणूस. ‘रीस्टार्ट करून पाहा’ एवढंच सुचलं. ते तिनं सकाळपासून पाच वेळा केलं होतं.

सोमवारी ती एका दुकानात गेली. तिथं निदान व्हायला दोन मिनिटं लागली. “विंडो करप्ट झाली ताई, फॉर्मॅट मारा लागते.” तिनं विचारलं, “डी ड्राइव्हमधलं राहीन ना?” “राहते.” आणि ते खरंच राहिलं. पण तिचं चार महिन्यांचं काम डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होतं, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. घरी येऊन तिनं तोच प्रोग्राम नव्यानं टाकला. तो तरीही उघडला नाही. फरक एवढाच, की आता त्यानं एक संदेश दाखवला.

हा प्रसंग बडनेऱ्यातला, पण अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही घरात, सेवा केंद्रात, डीटीपीच्या दुकानात तो घडू शकतो. ‘प्रोग्राम उघडत नाही’ हे ताप आल्यासारखं लक्षण आहे, रोग नव्हे. आणि फॉर्मॅट हे प्रत्येक तापावर पोट फाडण्यासारखं आहे.

प्रोग्राम गुपचूप का मरतो?

जुन्या काळ्या पडद्यावरच्या प्रोग्रामचं एक बरं होतं. काही चुकलं की तो त्याच पडद्यावर एक ओळ लिहून मग बंद व्हायचा. खिडकी, बटणं, चित्रं असलेल्या प्रोग्रामला बोलायला स्वतःची खिडकी लागते. ती उघडण्याआधीच तो कोसळला, तर तक्रार लिहायची कुठे? म्हणून पडद्यावर काहीच दिसत नाही. पण बहुतेक वेळा तक्रार कुठेतरी नोंदलेली असते, फक्त आपल्याला दिसेल अशा जागी नसते. ती जागा शोधणं हेच या दुरुस्तीतलं निम्मं काम.

तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल, तर एक फरक लक्षात घ्या. मोबाईलचं ॲप येतं तेव्हा आपला बहुतेक संसार पाठीवर घेऊन येतं. संगणकावरचे प्रोग्राम मात्र बरंच सामान एकमेकांत वाटून वापरतात : अक्षरं काढणारी फाईल, चित्र रंगवणारा ड्रायव्हर, कुठल्या तरी कंपनीचं सामाईक ग्रंथालय. मुंबईहून बडनेऱ्यापर्यंत मेन लाइनची गाडी वेळेवर आली, पण पुढे दहाएक किलोमीटरवरच्या अमरावतीला नेणारी जोडगाडीच नसली तर प्रवासी स्टेशनात बसून राहतो. त्याचं तिकीट खोटं नसतं. उघडत नसलेल्या प्रोग्रामचंही बरेचदा असंच असतं. तो स्वतः धडधाकट असतो, त्याची जोडगाडी चुकलेली असते.

आधी पाहा, तो खरंच बंद आहे का

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात तुमच्या प्रोग्रामचं नाव शोधा. ‘प्रोसेसेस’मध्ये नसेल तर ‘डिटेल्स’मध्ये पाहा.

नाव सापडलं, तर प्रोग्राम मेलेला नाही, तो लपलेला किंवा अडकलेला आहे. अडकण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. काल बंद करताना तो पूर्ण बंद झालाच नाही, मागे एक प्रत जिवंत राहिली. काही प्रोग्राम एका वेळी एकच प्रत चालू देतात, त्यामुळे नवी प्रत जुनीला पाहून निमूट परत जाते. जुन्या नावावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा आणि पुन्हा उघडा. रीस्टार्टनं बरेच प्रोग्राम सुरू होतात ते याच कारणानं. मात्र विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शटडाऊन’ हे नेहमीच पूर्ण बंद करणं नसतं. फास्ट स्टार्टअपच्या सोयीमुळे विंडोज आपली अर्धी अवस्था जपून ठेवतं. म्हणून ‘बंद करून चालू केलं’ आणि ‘रीस्टार्ट केलं’ यांत फरक आहे. रीस्टार्टच करा.

लपण्याचा प्रकार मजेशीर आहे, आणि मला वाटतं भाचीच्या बाबतीत तोच झाला असावा. शुक्रवारी तिनं कॉलेजात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता आणि प्रोग्रामची खिडकी ओढून प्रोजेक्टरच्या पडद्यावर नेली होती. काही प्रोग्राम आपली शेवटची जागा लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथंच उघडतात. प्रोजेक्टर काढला, पण प्रोग्राम त्याच नसलेल्या पडद्यावर जाऊन बसतो. चालू असतो, फक्त आपल्या डोळ्यांच्या बाहेर. खूण अशी, की खाली टास्कबारवरच्या त्याच्या चित्राखाली बारीक रेघ येते आणि माउस नेला की चिमुकली खिडकी दिसते. भाचीला नंतर विचारलं, तर म्हणाली, “हो, ते छोटं दिसत होतं, पण क्लिक केलं की काहीच नाही.”

यावर उपाय दहा सेकंदांचा आहे. टास्कबारवरच्या चित्रावर एकदा क्लिक करा. मग विंडोजचं बटण आणि शिफ्ट दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबा. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. नाही जमलं तर ऑल्ट आणि स्पेसबार, मग ‘एम’, मग बाणाचं कुठलंही बटण एकदा दाबा, आणि आता माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून येते. विंडोज आणि ‘पी’ दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडणं हाही एक मार्ग. तिच्या बाबतीत हेच होतं का, हे आता खात्रीनं सांगता येणार नाही. फॉर्मॅटनं कामाबरोबर पुरावाही पुसला.

संदेश आला तर नशीब समजा

बहुतेक जण संदेश दिसला की घाईनं ‘ओके’ दाबतात आणि मग दुकानात सांगतात, “इंग्रजीत काहीतरी येते.” ते काहीतरी म्हणजेच निदान असतं. मोबाईल हातात आहेच. संदेशाचा फोटो काढा. काळी खिडकी येऊन लगेच नाहीशी होत असेल तर व्हिडिओ घ्या आणि तो थांबवून वाचा. गुगल लेन्सनं फोटोतला मजकूर उचलता येतो आणि मराठीतही पाहता येतो.

सर्वांत नेहमीचा संदेश ‘डीएलएल वॉज नॉट फाउंड’ हा. डीएलएल म्हणजे वर सांगितलेली सामाईक सामानाची फाईल. नाव ‘व्हीसी रनटाइम १४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी १४०’ असं असेल तर रोग नक्की समजा : मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाचं पॅकेज नाही किंवा बिघडलं आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्याचे ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन प्रकार आहेत. संगणक ६४-बिट असला तरी दोन्ही टाका, कारण त्यावर चालणारा जुना प्रोग्राम ३२-बिट असू शकतो आणि त्याला त्याच्याच जातीची फाईल लागते.

इथं एक धोका आहे. त्या फाईलचं नाव शोधलं की ‘एकटी डीएलएल डाउनलोड करा’ सांगणारी ढीगभर संकेतस्थळं समोर येतात. तिकडे जाऊ नका. ती फाईल कुठून आली, कुणी बदलली, कळायला मार्ग नसतो. शिवाय एक टाकली की दुसरी मागते. आणि फाईल चुकीच्या जातीची निघाली, की ‘झिरो एक्स सी’नं सुरू होऊन ‘७बी’नं संपणारा तो प्रसिद्ध आकडा दिसतो. त्या आकड्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो : ३२-बिट आणि ६४-बिटची खिचडी झाली आहे.

‘धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी’ असं आलं, तर आधी डाउनलोड पूर्ण झालं होतं का ते पाहा. नेट मध्येच गेलं की फाईल अर्धवट उतरते आणि विंडोज तिला ओळखत नाही. फाईल पूर्ण असेल, तर ६४-बिटचा प्रोग्राम ३२-बिटच्या विंडोजवर चालवायचा प्रयत्न होतोय का, हे तपासा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाऊट’ इथं ते लिहिलेलं असतं.

कधी कधी अँटिव्हायरसच प्रोग्रामचा एखादा तुकडा संशयानं उचलून बाजूला ठेवतो. काल चालणारा प्रोग्राम आज अचानक बंद आणि मध्ये अँटिव्हायरसचं अपडेट झालं, असं असेल तर त्याच्या ‘क्वारंटाइन’ यादीत डोकवा. मात्र प्रोग्राम फुकटात ‘क्रॅक’ करून घेतलेला असेल, तर तो तुकडा परत आणण्याचा सल्ला मी देणार नाही. दहापैकी किती वेळा अँटिव्हायरस बरोबर असतो ते क्रॅक वाटणाऱ्यालाच ठाऊक.

फॉर्मॅटनंतरही का उघडला नाही?

आता भाचीच्या दुसऱ्या दिवसाकडे येऊ. नव्या कोऱ्या विंडोजवर प्रोग्रामनं सांगितलं, की ग्राफिक्स चालत नाही, ‘ओपन जीएल’ची पुढची आवृत्ती हवी. ती घाबरली. शुक्रवारपर्यंत याच लॅपटॉपवर तर सगळं चालत होतं!

त्रिमितीय चित्रं दाखवणारे प्रोग्राम थेट पडद्यावर रंगवत नाहीत. ते ग्राफिक्स चिपला हुकूम सोडतात. हे हुकूम देण्याची एक भाषा म्हणजे ओपन जीएल. चिप आणि विंडोज यांच्यामध्ये दुभाष्या असतो, तो ड्रायव्हर. फॉर्मॅट केलं की हा दुभाष्याही जातो. त्याच्या जागी विंडोज आपला कामचलाऊ माणूस बसवतं, त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’. पडदा दिसतो, वर्ड चालतं, सिनेमाही कसाबसा चालतो. पण विंडोजसोबत येणाऱ्या या मूळ सोयीला ओपन जीएलची जी आवृत्ती कळते ती १.१, म्हणजे १९९७ सालची. ब्लेंडर हा मोफत थ्री-डी प्रोग्राम २०१९ मधल्या २.८० या आवृत्तीपासून किमान ३.३ मागतो, आणि नव्या आवृत्त्या त्याच्याही पुढचं मागतात. लॅपटॉप तोच, चिप तीच. दुभाष्याच बदलला, म्हणून प्रोग्राम दारातच अडला.

तपासायचं कसं? स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक, ‘डिव्हाइस मॅनेजर’, त्यात ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’. तिथं इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीचं नाव दिसायला हवं. ‘बेसिक’ हा शब्द दिसला तर कारण सापडलं. इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवलं तर बहुतेकदा खरा ड्रायव्हर आपोआप येतो. नाही आला तर लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर जा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदीची. प्रोग्राम दुबळीवर सुरू होऊ पाहतो आणि कोसळतो. ‘सेटिंग्ज’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ इथं त्या प्रोग्रामपुरतं ‘हाय परफॉर्मन्स’ निवडता येतं. एवढ्यावर काम झालेले लॅपटॉप मी नंतर दोन पाहिले.

बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रोजेक्ट, सेमिनार, नकाशे, मॉडेल यांनी भरलेले लॅपटॉप इथल्या खोल्याखोल्यांत आहेत. त्या मुलांनी निदान डिव्हाइस मॅनेजरची ही एक ओळ पाहायला शिकावं.

विंडोज सेव्हनवाल्यांची गोष्ट वेगळी

गावोगावच्या सेवा केंद्रांत आणि सायबर कॅफेंत अजून विंडोज ७ चे संगणक दिसतात. मशीन धडधाकट, मालकाची सवय घट्ट. पण विंडोज ७ ची मदत मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला थांबवली. गुगल क्रोमची या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून किमान विंडोज १० लागतं. म्हणून अशा संगणकावर नवं क्रोम टाकायला गेलं की ते नकार देतं. इतर काही नवे प्रोग्राम सरळ नकारही देत नाहीत, ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट’ असं काहीतरी पुटपुटून बंद होतात. त्याचा मराठी अर्थ : मला विंडोजकडून जी सेवा हवी, ती या जुन्या विंडोजकडे नाहीच.

इथं फॉर्मॅट करून पुन्हा विंडोज ७ टाकणं म्हणजे निव्वळ पैसे आणि वेळ घालवणं. खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज किंवा प्रवेशाचे फॉर्म यांच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात आलं, तर बाहेर उभ्या रांगेला काय सांगणार? केंद्रचालकांनी हंगामाआधीच त्या संगणकाचा निकाल लावावा. विंडोज १० चीही सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. तिथले प्रोग्राम आज लगेच बंद पडणार नाहीत, पण विंडोज ७ चं जे झालं तेच हळूहळू तिथंही होईल.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे. फार जुने, १६-बिटचे प्रोग्राम ६४-बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळतं. नव्वदच्या दशकातला एखादा हिशेबाचा प्रोग्राम अजून वापरात असेल, तर नवा संगणक घेण्याआधी हे विचारून घ्या. अशा प्रोग्रामसाठी नव्या संगणकाच्या आत आभासी जुना संगणक चालवता येतो. तेवढी सोय जाणकाराकडून करून घ्यावी.

डीटीपीच्या दुकानातली दुखणी

लग्नसराईत पत्रिकांची गर्दी असताना मांडणीचा प्रोग्राम उघडला नाही की डीटीपीवाल्याचा जीव टांगणीला लागतो. यांची कारणं मात्र पुस्तकात कमी आणि दुकानात जास्त सापडतात.

पहिलं, फॉन्ट. मांडणीचे प्रोग्राम उघडताना संगणकावरचे सगळे फॉन्ट चाळतात. मराठी डीटीपीच्या संगणकावर ते शेकड्यांनी असतात, पेन ड्राइव्हवरून आलेले, अर्धवट कॉपी झालेले. त्यात एक जरी सडका निघाला, तरी प्रोग्राम त्याच जागी कोसळू शकतो. नुकतेच टाकलेले फॉन्ट काढून पाहा. तरीही नाही जमलं तर विंडोजचे मूळ फॉन्ट सोडून बाकीचे बाहेर काढा आणि निम्मे-निम्मे परत आणा. आठ-नऊ फेऱ्यांत चोर सापडतो.

दुसरं, लॉक. श्रीलिपीसारखी अनेक मराठी अक्षरांची सॉफ्टवेअरं हार्डवेअर लॉकसोबत विकली गेली. मागे लावायचा तो छोटा डोंगल, तो दिसला नाही तर प्रोग्राम चालत नाही. डोंगल सैल झाला, दुसऱ्या पोर्टमध्ये गेला किंवा फॉर्मॅटमध्ये त्याचा ड्रायव्हर उडाला, की झालं. जुने लॉक तर प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसायचे, आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं.

तिसरं कारण ऐकून हसू येईल : प्रिंटर. वर्ड, एक्सेलसारखे प्रोग्राम उघडताना डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतात. तो शेजारच्या संगणकाला जोडलेला नेटवर्क प्रिंटर असेल आणि तो संगणक बंद असेल, तर प्रोग्राम वाट पाहत लटकतो. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला तात्पुरतं डीफॉल्ट करून पाहा. वर्ड-एक्सेलसाठी आणखी एक चाचणी आहे. कंट्रोल बटण दाबून ठेवून त्यांच्या चित्रावर क्लिक केलं, की ते ‘सेफ मोड’मध्ये उघडायचं का विचारतात. तसे उघडले, तर दोष मूळ प्रोग्रामात नाही, त्याला बाहेरून जोडलेल्या एखाद्या ॲड-इनमध्ये आहे.

आणि घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. मग परवान्यावर चालणारे प्रोग्राम अडतात, ब्राउझर संकेतस्थळांवर अविश्वास दाखवतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहायला एक सेकंद लागतो आणि सेल बदलायला चहा-नाश्त्याएवढे पैसे. सी ड्राइव्ह पूर्ण भरणं हेही याच जातीचं कारण. प्रोग्रामला उघडताना तात्पुरत्या फाईल लिहायला जागा लागते, ती न मिळाल्यास तो परत फिरतो. लाल पट्टी दिसत असेल तर आधी जागा मोकळी करा.

लिनक्सवर तर प्रोग्राम स्वतः सांगतो

उबुंटू किंवा सी-डॅकचं ‘बॉस’ वापरणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे. चित्रावर क्लिक करण्याऐवजी टर्मिनल उघडून प्रोग्रामचं नाव टाइप करा. जे कारण क्लिकनंतर गिळलं जातं, ते इथं ओळीनं छापून येतं. ‘शेअर्ड लायब्ररी’ सापडत नाही असं आलं तर ती लायब्ररी टाका. ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ आलं तर प्रोग्राम ठीक आहे, पण खिडकी कुठल्या पडद्यावर काढायची हे त्याला कळत नाही. दुसऱ्या संगणकावरून लॅबच्या सर्व्हरवर लॉगिन करून चित्र काढणारा पायथॉनचा प्रोग्राम चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना हा हमखास भेटतो. ‘ॲप इमेज’ प्रकारची फाईल क्लिकनं उघडत नसेल, तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये चालवण्याची परवानगी दिली आहे का ते पाहा. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वर जुना प्रोग्राम रुसला, तर लॉगिनच्या पानावर दात्यांच्या चाकातून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडून बघायला हरकत नाही.

विंडोजचीही एक डायरी असते

संदेश नाही, टास्क मॅनेजरमध्ये नाव नाही, ड्रायव्हर ठीक, तारीख ठीक. मग? स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढा शब्द टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तारखांचा एक आलेख येईल आणि ज्या दिवशी प्रोग्राम कोसळला तिथं लाल फुली असेल. तिच्यावर क्लिक करून तपशील पाहा. ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ कामाची. तिथल्या फाईलचं नाव ‘एनव्ही’नं सुरू होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर, ‘आयजी’नं सुरू होत असेल तर इंटेलच्या, ‘एटी’नं असेल तर एएमडीच्या. ‘कर्नलबेस’ किंवा ‘एनटीडीएलएल’ दिसलं तर हुरळून जाऊ नका. ती विंडोजची स्वतःची फाईल, अपघाताच्या जागी उभा असलेला माणूस. गुन्हेगार बहुधा दुसराच असतो. त्याच आलेखात आदल्या दिवशी कुठलं अपडेट झालं हेही दिसतं, आणि बरेचदा उत्तर तिथंच असतं.

शेवटची चाचणी मला सर्वांत आवडते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’मधून एक नवा वापरकर्ता तयार करा, त्या नावानं लॉगिन करा आणि प्रोग्राम उघडा. तिथं उघडला, तर विंडोज ‘करप्ट’ नाही हे सिद्ध झालं. बिघाड तुमच्या खात्यातल्या त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. ही सेटिंग ‘ॲप डेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्या प्रोग्रामचं फोल्डर पुसू नका, फक्त त्याचं नाव बदला. प्रोग्राम नवं कोरं फोल्डर बनवून सुरू होतो, आणि जुनं हवं असेल तर जागेवर असतं.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तो केवळ एक प्रोग्राम न उघडण्याचा नव्हे, अख्खी यंत्रणा आडवी होण्याचा प्रसंग होता. तिथं सांगितलेला उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढून टाकणं. एवढ्या मोठ्या दुखण्यावरही कुणी जगाला ‘फॉर्मॅट मारा’ म्हटलं नाही.

आणि फॉर्मॅट करावंच लागलं तर?

कधी कधी लागतं. हार्डडिस्क बदलली, व्हायरसनं घर केलं, तेव्हा पर्याय नसतो. पण दुकानात मशीन देण्याआधी लक्षात ठेवा : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही चारही फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्ये असतात. ‘डी सुरक्षित आहे’ या वाक्यात ती येत नाहीत. कुणाकडे त्यांतली काही वनड्राइव्हवर जातात. ती तिथं खरोखर पोचली आहेत का, हे मोबाईलवरून लॉगिन करून पाहा. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे ज्यानं तो बसवला त्याला विचारून कागदावर लिहून ठेवा. परवान्याचे क्रमांकही. आणि दुकानदाराला सरळ म्हणा, “आधी कॉपी काढा, मला दाखवा, मग हात लावा.” चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही.

चुकून पुसलं गेलंच, तर ताबडतोब संगणक बंद करा. त्यावर नवं काही टाकू नका, परत मिळवण्याचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर नको. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पुसलेली फाईल बराच काळ तशीच पडून असते, फक्त तिचा पत्ता खोडलेला असतो. एसएसडीवर मात्र विंडोज रिकामी झालेली जागा ड्राइव्हला कळवतं आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकतो. तिथं परत मिळण्याची आशा फार थोडी.

भाचीच्या लॅपटॉपात एसएसडी होती. तिला परत मिळालं ते मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, पहिल्या दोन प्रकरणांचं. मॉडेल तिनं पुन्हा बनवायला घेतलं आहे.